तेल गेलं, तूप गेलं, हाती सिगारेट

शाळेत असताना नवी बॅट मिळाली की ती लगेच मैदानात न्यायची नाही, आधी तिला तेल पाजायचं, असा दंडक होता. तेल अळशीचं. दुकानदार बॅटीबरोबर छोटी बाटली द्यायचा आणि 'पातळ हात फिरव, बाळा' म्हणून बजावायचा. मी अर्थातच अर्धी बाटली ओतली, बॅट जुन्या चादरीत गुंडाळली आणि सहामाही परीक्षा आली म्हणून माळ्यावर टाकली. परीक्षा संपल्यावर काढली तर चादर बॅटीला डिंकाने डकवल्यासारखी बसलेली. ओढली की पिवळट, रबरासारखे पापुद्रे निघत होते आणि वास जुन्या रंगाच्या डब्याचा. आईने चादरीचा हिशेब नंतर मांडला, तो वेगळा विषय.

त्या चिकट चादरीत पुरुषांच्या वंध्यत्वाचं अर्धं रसायनशास्त्र गुंडाळलेलं होतं, हे कळायला पुढची तीस वर्षं गेली. कळलं तेही एका मित्रामुळे.

त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली. पाळणा हलेना. मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी वहिनींच्या झाडून सगळ्या तपासण्या झाल्या, त्या उत्तम निघाल्यावर याची एकच तपासणी झाली आणि घोडं तिथेच अडलेलं सापडलं. डॉक्टर म्हणाले, सिगारेट सोडा. याने सिगारेट सोडली नाही, तेलं धरली. लाकडी घाण्याचं जवसाचं, म्हणजे अळशीचंच तेल, कलौंजीचं तेल, भोपळ्याच्या बियांचं तेल. फ्रीजच्या दारात बाटल्यांची दिंडीच उभी राहिली. मग एका रात्री मला मेसेज: 'तू असलं काहीबाही वाचत असतोस. तेलाने धुराचं विष उतरतं का रे?'

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण वाचायला बसलो आणि भलतंच काय काय हाती लागत गेलं.

बीज एकच, शेतं दोन

'स्पर्म' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ बी. आपणही पेरायच्या दाण्याला बीज म्हणतो आणि पुरुषाच्या त्या ऐवजालाही. तेव्हा बियांचं तेल बीजाला लागू पडेल, ही कल्पना निदान भाषेच्या पातळीवर तरी पक्की आहे.

तेलाचीही गंमत ऐका. तेल आलं 'तैल'वरून आणि तैल आलं 'तिल'वरून. म्हणजे तिळाचं तेच खरं तेल. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही मंडळी नंतर त्या नावाखाली शिरली. खोबरेल आणि एरंडेल यांच्या शेपटातला 'एल' म्हणजेही तेलच. 'एरंडेल तेल द्या' म्हणणारा माणूस दुकानात उभ्या उभ्या दोनदा तीळ गाळतो.

कापडवाल्याने पाहिलेलं नवल

शुक्राणू पहिल्यांदा नीट न्याहाळले ते डॉक्टरने नव्हे, कापडाच्या व्यापाऱ्याने. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेवेनहुक हा हाताने भिंगं घासण्यात तरबेज होता. १६७७ साली योहान हाम नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी त्याच्याकडे एका रुग्णाचा नमुना घेऊन आला. त्यात वळवळणारे जीव दिसल्यावर लेवेनहुकने स्वतःचाही नमुना तपासला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं. पत्रात भल्या माणसाने आवर्जून खुलासा केला की, हा नमुना कुठल्या पापाचरणातून मिळवलेला नसून रीतसर पतिपत्नींच्या संबंधांतून आलेला आहे. शिवाय सभ्य मंडळींना किळस वाटली तर पत्र खुशाल बाजूला ठेवावं, अशी मुभाही दिली. साडेतीनशे वर्षं होत आली, पण प्रयोगशाळेच्या खिडकीशी डबी देताना आपल्याकडच्या पुरुषाचा चेहरा आजही त्याच पत्रासारखा असतो.

चार टक्क्यांना पास

आता थोडे आकडे, कारण हे खातं आकड्यांच्या बाबतीत चक्रावून टाकणारं आहे.

तरण्याबांड पुरुषाच्या शरीरात सेकंदाला हजारभर, किंबहुना त्याहूनही जास्त शुक्राणू तयार होतात. 'शुक्राणू' हा शब्द तुम्ही वाचेपर्यंत एखाद्या गावाच्या लोकसंख्येएवढे झालेसुद्धा. पण एकेक नग घडायला मात्र साधारण ७४ दिवस लागतात. त्यापुढे सहा मीटर लांबीच्या, गुंडाळी करून इंचा-दोन इंचात बसवलेल्या नळीतून प्रवास करत पोहायला शिकण्यात आणखी काही दिवस जातात. धरून चाला, कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत तीन महिने. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे वीर्याच्या एका मिलिलिटरमध्ये निदान १ कोटी ६० लाख शुक्राणू असावेत आणि त्यांतले निदान ४२ टक्के हलते असावेत. आता रूपाचे गुण पाहा. शंभरातले फक्त चार सुबक असले तरी चालतं! उरलेल्या शहाण्णवांत कुणाचं डोकं वाकडं, कुणाला दोन शेपट्या, कुणाची मान मोडलेली. दहावीला ३५ टक्क्यांना पास होणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

बॅट, चादर आणि शुक्राणू

आता माळ्यावरच्या चादरीकडे येऊ.

अळशीच्या तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत जागोजागी 'दुहेरी बंध' असतात. हवेतला ऑक्सिजन नेमका या बंधांशेजारी डल्ला मारतो. एक साखळी फुटली की ती शेजारणीला फोडते, ती तिच्या शेजारणीला, आणि शेवटी सगळ्या एकमेकींत अडकून चिवट पापुद्रा होतो. तैलचित्रं याच कारणाने वाळतात. लिनोलियमची फरशीही याच तेलापासून बनली. या भानगडीत उष्णता निघते, इतकी की अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर काडी न लावता पेटू शकतो. बॅटवाल्यांनो, बोळा पसरून वाळवा.

शुक्राणूचं कातडंही असल्याच दुहेरी बंधांच्या मेदाने बनलेलं असतं. त्यात डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल ठासून भरलेलं, एकेका साखळीत सहा-सहा दुहेरी बंध. कारण सरळ आहे. शेपूट सळसळायची तर कातडं लवचिक हवं, आणि लवचिकपणा दुहेरी बंधांतून येतो. पण जो बंध लवचिकपणा देतो तोच ऑक्सिजनला आमंत्रण देतो. जॉन मॅकलाउड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४३ सालीच दाखवून दिलं होतं की भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले मानवी शुक्राणू ताजेतवाने होण्याऐवजी मलूल होतात.

त्यातून हा गडी प्रवासाला निघताना अंगावरचा सगळा बोजा टाकून देतो. पेशीतला रस जवळजवळ संपलेला, त्याबरोबर बचावाची विकरंही गेलेली. लंगोटावर मॅरेथॉनला निघालेला माणूस. वाटेत त्याला सांभाळायचं काम भोवतालच्या वीर्यद्रवाचं. म्हणून त्यात जीवनसत्त्व क आणि जस्त खच्चून भरलेलं असतं. शिदोरी म्हणून फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर.

आणि मग येतो धूर

तंबाखूच्या धुरात ७,०००हून अधिक रसायनं असतात. एका झुरक्यात साधारण १ वर १५ शून्यं इतकी फ्री रॅडिकल्स, म्हणजे दुहेरी बंधांना पेटवणाऱ्या काड्या. शिवाय तंबाखूच्या झाडाला मातीतलं कॅडमियम शोषून पानांत साठवायची खोड आहे. १९५०च्या दशकात यिर्झी पार्झीझेक या चेक शास्त्रज्ञाने दाखवलं की कॅडमियमने उंदरांच्या वृषणांची वाताहत होते आणि जस्त दिलं तर ती टळते. धूर फुप्फुसात जातो, खाली कसा पोचेल, असं वाटणाऱ्यांसाठी: निकोटीनपासून बनणारं कोटिनीन धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात सरळ मोजता येतं.

२०१६ साली एका अभ्यासात २० संशोधनांतल्या ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र केली गेली. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्राणूंची संख्याही कमी आणि चालही मंद आढळली. जितकी ओढ जास्त, तितकी घसरण जास्त.

इथे हमखास एक मुद्दा येतो: 'आमचे आजोबा दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचे, त्यांना अकरा पोरं होती.' असतील. धूर गुण कापतो, नापास करतोच असं नाही. नव्वद गुण घेऊन बसलेल्या आजोबांचे वीस कापले तरी ते पहिल्या वर्गातच. चाळीसवाल्या नातवाचे वीस कापले की संपलं. आजोबांच्या शुक्राणूंचा रिपोर्ट कुणी काढला नव्हता, एवढंच.

सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. धुराने शुक्राणूतल्या डीएनएचेही तुकडे पडतात आणि तयार शुक्राणूला ते सांधता येत नाहीत, त्याने हत्यारं केव्हाच टाकून दिलेली असतात. फलन झाल्यावर त्या तुकड्यांची डागडुजी करायला बसतं ते स्त्रीबीज, तेही जमेल तेवढीच. नवऱ्याने करून ठेवलेलं निस्तरणं इतक्या खालच्या पातळीवरही बायकोच्याच वाट्याला आलंय.

ज्या जीवनसत्त्वाचं नावच 'लेकुरवाळं'

तेलांची बाजू आता मांडतो, आणि ती वाटते तितकी कच्ची नाही.

१९२२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांना डुकराच्या चरबीवर पोसत होते. उंदीर गुटगुटीत, पण माद्यांची पिल्लं पोटातच विरायची. खाण्यात लेट्यूसची पानं घातली आणि पिल्लं जगली. मग गव्हाच्या अंकुराने तेच काम अधिक जोरात केलं. नर उंदरांनाही हा अज्ञात घटक मिळाला नाही की त्यांची वृषणं सुकत आणि पुन्हा सावरत नसत. पुढे त्याला जीवनसत्त्व ई हे नाव मिळालं. १९३६ साली ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात वेगळं काढल्यावर इव्हान्सने विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकाला गाठलं: याला शोभेल असं नाव सांगा. 'टोकोस' म्हणजे प्रसूती, 'फेरेन' म्हणजे वाहून आणणं. झालं टोकोफेरॉल. आज चेहऱ्याच्या क्रीमवर हे नाव वाचणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल की आपण गालाला बाळंतपण चोळतोय?

पण बियांतच हे जीवनसत्त्व एवढं का? बी म्हणजे झाडाचा गर्भ आणि त्याचा शिधा एकाच डब्यात. शिधा तेलाचा आणि तेलाला हवा लागली की खवट. म्हणून झाड डब्यात राखणदार बसवतं. ज्या रोपांना जीवनसत्त्व ई बनवता येत नाही त्यांच्या बिया साठवणीत टिकत नाहीत, रुजायची ताकद घालवून बसतात. थोडक्यात, झाड आपल्या बीजाचा तेलकट भाग ज्या युक्तीने जपतं, तीच युक्ती आपण आपल्या बीजासाठी उसनी मागतोय. कल्पना वेडगळ नाही.

गव्हाच्या अंकुराच्या तेलात १०० ग्रॅममागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व ई असतं, सूर्यफुलात चाळीस, करडईत चौतीसच्या घरात, शेंगदाण्यात पंधरा-सोळा. सोलापूर-मराठवाड्याची करडई यात चांगली वरच्या पाटावर बसते, हे पाहून मला उगाच बरं वाटलं.

उंदीर मामांचा साक्षीपुरावा

बियांची तेलं धुराविरुद्ध चालतात, असं सांगणारे बहुतेक कागद उंदरांच्या जिवावर लिहिलेले आहेत. पद्धत ठरलेली. उंदरांचे चार गट करायचे: एक सुखी, एक धुराच्या पेटीत किंवा निकोटीनच्या सुईवर, एकाला धूर अधिक तेल, एकाला नुसतं तेल. काही आठवड्यांनी शुक्राणू मोजायचे, खवटपणाची खूण म्हणून मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायचं, वृषणाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. कलौंजीसारख्यांच्या बाबतीत उत्तर पुष्कळदा असं येतं की धूर अधिक तेलवाला गट नुसत्या धूरवाल्यांपेक्षा बरा, पण सुखी गटाइतका नाही.

मित्राने असलाच एक कागद पाठवला होता. त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, उंदराचा शुक्राणू बावन्न-त्रेपन्न दिवसांत तयार होतो. तेव्हा चार आठवड्यांच्या प्रयोगात पुरतं एक पीकही निघत नाही. दोन, उंदीर जीवनसत्त्व क स्वतःच्या यकृतात बनवतो, आपल्याला ते आवळ्या-पेरूतून घ्यावं लागतं. म्हणजे त्याची ढाल मुळात आपल्याहून जाड. तीन, डोस. उंदराला किलोमागे १ मिलि तेल दिलं तर ७० किलोच्या माणसाला ७० मिलि, म्हणजे अर्धी वाटी, असा सरळ गुणाकार करायचा नसतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने उंदराचा आकडा सहाने भागतात, ते होतात दोन-अडीच छोटे चमचे. मित्र अर्धी वाटी पीत होता. त्याचं वजन दोन महिन्यांत साडेतीन किलोंनी वाढलं, बाकी काही हललं नाही.

कलौंजी, तीळ आणि आक्रोड

माणसांवरचं काय? थोडं आहे, पण आहे.

कलौंजीला आपल्याकडे सर्रास 'कांद्याचं बी' म्हणतात. कांद्याशी तिचं लांबचंही नातं नाही. कारळ्याशीही नाही, जरी दोन्ही काळी. अरबी परंपरेत मृत्यू सोडून सगळ्यावर औषध अशी तिची ख्याती. इराणमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुक्राणूंची तक्रार असलेल्या पुरुषांचे ३४-३४ चे दोन गट केले. एकाला दोन महिने रोज ५ मिलि कलौंजीचं तेल, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनकामाचं तेल. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णांना ठाऊक, ना डॉक्टरांना. तेलवाल्यांची संख्या, चाल, घडण, सगळं सुधारलं. चाचणी छोटी, पण रीत नीट. मात्र तिने मोजले शुक्राणू, पाळणे नव्हेत.

तिळावरही इराणातच २५ पुरुषांना तीन महिने तीळ देऊन पाहिलं. संख्या आणि चाल वाढली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. तिळाचं खरं वैशिष्ट्य त्याच्या साठवणीत आहे. सेसमिनसारख्या द्रव्यांमुळे तिळाचं तेल सहसा खवट होत नाही. अळशीचं ज्या वेगाने बिघडतं, त्याच्या अगदी उलट.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र तेलाचा नाही, आख्ख्या बीचा आहे. लॉस एंजलिसमध्ये ११७ तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम आक्रोड खायला घातले. त्यांच्या शुक्राणूंची चाल आणि तब्येत सुधारली. २०१८ साली स्पेनमध्ये ११९ जणांवर तसाच प्रयोग झाला, चौदा आठवडे, रोज ६० ग्रॅम आक्रोड, बदाम आणि हेझलनट. संख्या १६ टक्क्यांनी वर गेली, डीएनएचे तुकडेही कमी झाले. अर्थात हे सगळे धडधाकट पोरगे होते आणि रोज ७५ ग्रॅम आक्रोड म्हणजे महिन्याला सव्वादोन किलो. वाण्याची उधारी बाळाच्या आधी जन्माला यायची.

जवसाची पंचाईत निराळी. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ आहे, पण ते एएलए या आखूड जातीचं. शुक्राणूला हवं डीएचए. एकापासून दुसरं बनवायचं काम आपल्या शरीरात फारच रडतखडत चालतं, आणि त्यातही बायकांचं शरीर ते पुरुषांपेक्षा बरं करतं. म्हणजे घरात जवसाचं तेल ज्याच्यासाठी आणलं त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला जास्त लागू.

सरकीने केला घात

आता माझा या सगळ्यातला लाडका किस्सा. बियांचं तेल म्हटलं की पुरुषाचं भलंच होणार, असं मानणाऱ्यांनी चीनकडे पाहावं. तिथल्या काही गावांत स्वयंपाकाला कच्चं, शुद्ध न केलेलं सरकीचं तेल वापरायला लागले आणि हळूहळू पाळणे हलायचे थांबले. १९५०च्या दशकात गुन्हेगार सापडला: गॉसिपॉल. किडींनी खाऊ नये म्हणून कपाशी सरकीत भरून ठेवते ते पिवळं द्रव्य. सरकी फोडून गर भिंगाखाली धरला तर त्याच्या ग्रंथी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

चिनी शास्त्रज्ञ हुशार. त्यांनी म्हटलं, हीच तर पुरुषांची गर्भनिरोधक गोळी! १९७०च्या दशकात ८,०००हून अधिक पुरुषांनी ती घेतली. शुक्राणू बंद व्हायचं काम चोख, ९९ टक्क्यांवर यश. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं की हातापायांतली शक्ती गेली, आणि काहींचं दुकान गोळी थांबवल्यावरही पुन्हा उघडलंच नाही. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हा नाद सोडा म्हणून सांगितलं.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी घाबरायचं कारण नाही. बाजारातल्या शुद्ध केलेल्या सरकी तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं. म्हशीला सरकीची ढेप चालते, कारण रवंथ करणाऱ्यांच्या पोटात ते बांधलं जातं. वळूला मात्र जपून घालतात, आणि का ते आता सांगायला नको. भारतातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी झाडात गॉसिपॉल ठेवून फक्त सरकीतलं जवळपास घालवलेली कपाशी तयार केली, आणि २०१९ साली अमेरिकेत ती सरकी माणसाने खायलाही परवानगी मिळाली.

बाटलीत काय नसतं

भोपळ्याच्या बियांत जस्त भरपूर, म्हणून मित्राने त्यांचं तेल आणलं होतं. पण जस्त तेलात उतरतच नाही! ते राहतं पेंडीत. बिया गाळून तेल पिणं म्हणजे उसाचं चिपाड घरी नेऊन रस गुऱ्हाळात ठेवण्यासारखं. द्राक्षाच्या बियांचीही तीच कथा. ज्या द्रव्यांची एवढी वाहवा होते ती पाण्यात विरघळणारी, तेलात नावापुरती. शिवाय नाशिक-सांगलीकडे खायची बहुतेक द्राक्षं बिनबियांची, तेव्हा बिया चावून खायचा मार्गही बंद.

मग सरळ गोळ्याच का घेऊ नयेत? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. पाळणे वाढले नाहीत, पोटाच्या तक्रारी वाढल्या. जीवनसत्त्व ईच्या मोठ्या डोसाने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत आढळलं. आणि मित्राच्या कामाचा आकडा: फिनलंडमधल्या २९,१३३ पुरुषांवर, सगळे सिगारेट ओढणारे, बीटा-कॅरोटिनचा प्रयोग झाला होता. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल लागला, तो १८ टक्क्यांनी वाढला होता. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग लायटरचा आला.

'मी ओढत नाही, नुसती मळतो'

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर धूर हा तसा लहान भाऊ आहे. २०१६-१७च्या सर्वेक्षणाप्रमाणे राज्यात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के तंबाखू मळून, चघळून किंवा मिश्री लावून घेत होते. पुरुषांत हा बिनधुराचा आकडा ३१.७. दर तीन गड्यांमागे जवळपास एकाच्या गालात गोळी होती. तेव्हा 'मी ओढत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: भारतात मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या ६३८ तंबाखू खाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जितकी तंबाखू जास्त, तितका वीर्याचा दर्जा खाली. धूर नसला तरी निकोटीन तेच, कॅडमियमही तेच.

दसरा ते संक्रांत

शेवटी मित्राच्या घरी गेलो, कारण फोनवर हा विषय वहिनींच्या कानाआड बोलायचा आणि त्यांना सगळं आधीच ठाऊक, असं चाललं होतं. कॅलेंडर काढलं. ७४ दिवस घडणीचे, वर प्रवासाचे. दसऱ्याच्या दिवशी शेवटची ओढली तर संक्रांतीला हाती येईल ते संपूर्ण बिनधुराचं पीक. मधल्या काळात जवसाची चटणी, तिळाची चटणी, मूठभर शेंगदाणे, आवळा. घाण्याचं तेल स्वयंपाकापुरतं, आणि जवसाचं फोडणीला नाहीच, ते लगेच जळतं.

'आणि ह्या बाटल्या?' त्याने फ्रीज उघडला.

जवसाची बाटली घाण्यावरून आणून चार महिने झाले होते. झाकण कडेने चिकटलं होतं, दोघांनी जोर लावल्यावर सुटलं. गळ्याला आतून पिवळा पापुद्रा. वास घेतला. जुन्या रंगाचा डबा. माळा, चादर, सहामाही परीक्षा, सगळं एकदम समोर.

'हे पीत होतास?'

'कडवट लागायचं. मला वाटलं, औषध आहे म्हणजे कडू असणारच.'

वहिनींनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, फडक्याने पुसली आणि पुतण्याच्या नव्या बॅटीसाठी बाजूला ठेवली. 'पातळ हात फिरवायला सांगा त्याला,' मी म्हटलं.